सिल्व्हर नायट्रेट पहिल्यांदा हाताळताना: विहिरीतलं मीठ मोजण्यापासून उन्हात छापलेल्या पानापर्यंत

सिल्व्हर नायट्रेटची २५ ग्रॅमची बाटली मागवली की आधी बिल बघून दचकायला होतं. त्यात दुकानदाराची लबाडी काही नाही. या पांढऱ्या स्फटिकांत वजनाच्या साडेत्रेसष्ट टक्के निव्वळ चांदी असते. म्हणजे एवढ्याशा बाटलीत जवळजवळ १६ ग्रॅम, एक तोळ्याहून बरीच जास्त. सराफ बाजारात भाव चढला की प्रयोगशाळेतली बाटलीही महागते.

तरीही बारावीच्या प्रॅक्टिकलपासून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेपर्यंत हिच्यावाचून कुणाचं चालत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल, शाळेत विज्ञान शिकवत असाल, किंवा स्वतःच्या विहिरीचं पाणी एवढं मचूळ का लागतं ते एकदा मोजून बघायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. विहिरीच्या पाण्याचं टायट्रेशन, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबानं सोडून केलेलं मोजमाप, सविस्तर सांगतो, बाकीचं जरा भरभर.

आधी स्वभाव समजून घ्या

हे द्रव्य पाण्यात कमालीचं विरघळतं. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात २०० ग्रॅमहून जास्त. पण त्यातल्या चांदीच्या आयनाला क्लोराइड (मिठातल्या क्लोरीनचा आयन) भेटलं की तो लगेच त्याला धरतो आणि सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढरा साका खाली बसतो. हा साका पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, एका लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे. फजितीही इथूनच सुरू होते, कारण क्लोराइड सगळीकडे आहे: नळाच्या पाण्यात, घामात, नीट न विसळलेल्या बीकरच्या काठावर.

दुसरा गुण म्हणजे चांदीला परत धातू व्हायची घाई असते. कागद, कापड, कातडी, धूळ असं काहीही सेंद्रिय मिळालं आणि जोडीला उजेड असला की आयन मोडून चांदीचे बारीक कण सुटतात आणि काळा डाग पडतो. ‘उजेडानं सिल्व्हर नायट्रेट खराब होतं’ असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. शुद्ध, कोरडे स्फटिक उजेडात बऱ्यापैकी टिकतात. त्यांना काळं करते ती त्यांच्यात मिसळलेली सेंद्रिय घाण. म्हणून तपकिरी बाटली हवीच, पण त्याहून जास्त हवा तो स्वच्छ चमचा आणि घट्ट झाकण.

खरेदी आणि साठवण

एआर ग्रेडची (विश्लेषणाला लागते तेवढी शुद्ध), सीलबंद, तपकिरी काचेची बाटली घ्या. सुरुवातीला २५ ग्रॅम भरपूर होतात. पुढे दिलेल्या तीव्रतेचं द्रावण वापरलंत तर तेवढ्यात दहा लिटर द्रावण तयार होतं आणि पाचशेच्या आसपास नमुने तपासून होतात.

घरातली जुनी पैंजणं नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून सिल्व्हर नायट्रेट करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. करू नका. त्यात तांबडे-तपकिरी वायू सुटतात. ते फुप्फुसात गेले तर त्रास काही तासांनी सुरू होतो आणि जिवावर बेतू शकतं. शिवाय दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, त्यामुळे द्रावण हिरवट-निळं होतं आणि मोजमापाच्या कामाचं राहत नाही. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

बाटली कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. हे ऑक्सिडीकारक आहे, तेव्हा शेजारी स्पिरिट, कापूस, कागदाचे गठ्ठे नकोत. अमोनियाही लांबच बरा, त्याचं कारण शेवटी येईल.

हात आणि डोळे

हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांवर गॉगल, अंगात जुना ॲप्रन. यात सूट नाही. थेंब हातावर पडला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही, जळजळही बहुधा होत नाही. हात धुऊन तुम्ही घरी जाता आणि संध्याकाळी बोटांवर तपकिरी ठिपके उमटलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी ते काळे होतात. साबण, लिंबू, दगड, कशानंही जात नाहीत. कातडी गळून नवी आली की तेव्हाच जातात. डाग काढायचे जुने नुस्खे ऐकायला मिळतील, त्यातले काही विषारी आहेत. डाग पडला तर राहू द्या.

डोळ्यांची गोष्ट वेगळी. तीव्र द्रावणानं किंवा स्फटिकाच्या कणानं बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. काही उडालंच तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

पहिला प्रयोग: पाणी खरंच डिस्टिल्ड आहे का?

कुठलंही द्रावण करायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी असो की कॉलेजच्या प्लांटचं, कॅनवरच्या लेबलवर विसंबू नका.

एका परीक्षानळीत १० मिली पाणी घ्या. सौम्य नायट्रिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचे दोन थेंब. नळीमागे काळा कागद धरून बघा. पाणी नितळ राहिलं तर उत्तम. जरा जरी धुरकट झालं तर ते पाणी या कामाला चालणार नाही. शेजारच्या नळीत नळाचं पाणी घेऊन हेच करा. पांढरी झाक लगेच येते आणि डोळ्याला फरकाची सवय होते.

ॲसिड का, तर कार्बोनेट आणि फॉस्फेटसुद्धा चांदीबरोबर साका देतात. ॲसिडमुळे ते विरघळून जातात आणि उरतं ते क्लोराइडचंच. मात्र ॲसिड नायट्रिकच हवं. हायड्रोक्लोरिक टाकलंत तर तुम्ही स्वतःच क्लोराइड ओतलंत, पुढे परीक्षा कसली?

गुणात्मक विश्लेषणात हीच परीक्षा पुढे नेतात. पांढरा साका सौम्य अमोनियात विरघळला तर क्लोराइड, फिकट पिवळसर साका फक्त तीव्र अमोनियात विरघळला तर ब्रोमाइड, आणि पिवळा साका अमोनियाला दादच देत नसेल तर आयोडाइड. क्लोराइडकडून आयोडाइडकडे जाताना साक्याची विद्राव्यता भराभर घटत जाते, त्याचाच हा परिणाम. नळी जरा वेळ खिडकीत ठेवलीत तर क्लोराइडचा पांढरा साका जांभळट-करडा होतो. ते लक्षात ठेवा, छपाईच्या वेळी लागणार आहे.

मुख्य काम: विहिरीच्या पाण्यातलं क्लोराइड मोजणं

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या माणसाला खारं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. कोकणात खाडीकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात हाच त्रास होतो. पण ‘खारं लागतं’ आणि ‘लिटरला इतके मिलिग्रॅम’ यांत फरक आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. तुमची विहीर यात कुठे बसते, ते अर्ध्या तासात काढता येतं.

पद्धत जर्मन रसायनज्ञ कार्ल फ्रीडरिश मोर यांची, १८५६ सालची. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडायचं; नमुन्यातलं क्लोराइड आहे तोवर पांढरा साका पडत राहतो, आणि ते संपलं की पुढचा थेंब पोटॅशियम क्रोमेटला भेटून विटकरी सिल्व्हर क्रोमेट देतो.

चांदी आधी क्रोमेटला का धरत नाही? सिल्व्हर क्रोमेटचा विद्राव्यता गुणाकार (पाण्यात किती आयन जमले की साका पडतो ते ठरवणारा आकडा) क्लोराइडच्या गुणाकारापेक्षा लहान असतो, त्यामुळे वर्गात हुशार मुलंसुद्धा इथे अडतात. पण क्रोमेटच्या एका आयनाला चांदीचे दोन आयन लागतात, म्हणून ते दोन आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. हिशेब करून बघा. सगळं क्लोराइड बसून गेलं त्या क्षणी पाण्यात चांदी असते लिटरला ०.००००१३ मोल. आपण टाकतो तेवढ्या क्रोमेटचा साका पडायला चांदी लागते लिटरला ०.००००२१ मोल. म्हणजे क्लोराइड संपतं आणि जेमतेम पुढच्या थेंबाला रंग येतो. सूचकाचं, म्हणजे रंगानं शेवट दाखवणाऱ्या या क्रोमेटचं, प्रमाण ठरलंय ते यासाठी. रंग नीट दिसावा म्हणून अंदाजानं जास्त क्रोमेट ओतलंत तर हे गणित बिघडतं.

लागणारी द्रावणं तीन.

१. मिठाचं प्रमाण द्रावण, म्हणजे नेमकी तीव्रता माहीत असलेलं. एआर ग्रेडचं सोडियम क्लोराइड १४० अंशाला ओव्हनमध्ये वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, ०.८२४ ग्रॅम तोलून डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर करा. याच्या १ मिलीत ०.५ मिलिग्रॅम क्लोराइड असतं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात आयोडीनयुक्त क्षार आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

२. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, ०.०१४१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक). एक लिटरला २.३९५ ग्रॅम, अर्ध्या लिटरला १.१९८ ग्रॅम. तोलताना प्लॅस्टिकचा किंवा पोर्सेलिनचा चमचा वापरा. तांब्या-पितळेचा लागला तर चांदी त्याच्यावरच चढू लागते. तपकिरी बाटलीत भरून तारीख घाला. पुस्तकातल्या प्रयोगांत बऱ्याचदा ०.१ नॉर्मल द्रावण सांगितलेलं असतं, त्याला लिटरमागे १७ ग्रॅम लागतात. विहिरीच्या पाण्याला ते विनाकारण तीव्र पडतं आणि खर्च सात पट.

३. सूचक. ५ ग्रॅम पोटॅशियम क्रोमेट थोड्या पाण्यात विरघळवा, अगदी थोडी लाल झाक टिकेपर्यंत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका, रात्रभर ठेवा, गाळा, मग १०० मिली करा. क्रोमेटमध्येच मिसळलेलं क्लोराइड असं आधीच निघून जातं. क्रोमेट विषारी आहे, त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक ठरलेलं आहे. हातमोजे घालूनच काम करा, भुकटी उडू देऊ नका, आणि पिपेटनं तोंडानं ओढायची जुनी सवय असेल तर ती आजपासून बंद.

आता ब्युरेट. खाली रबरी नळी आणि चिमटा असलेली जुनी ब्युरेट नको, चांदीची रबराशी अभिक्रिया होते. काचेची किंवा टेफ्लॉनची तोटी असलेली घ्या. आधी डिस्टिल्ड पाण्यानं, मग सिल्व्हर नायट्रेटच्याच थोड्या द्रावणानं विसळून घ्या. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, तो सोडून द्या.

पहिल्यांदा कोरी चाचणी. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १ मिली सूचक टाका आणि रंग पालटेपर्यंत सिल्व्हर नायट्रेट सोडा. साधारण ०.२ ते ०.३ मिली लागतं. एवढी चांदी निव्वळ रंग दाखवायला खर्च होते, ती प्रत्येक वाचनातून वजा करायची. नवखी मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात. कोऱ्या चाचणीचा फ्लास्क शेवटपर्यंत टेबलावर ठेवा, रंग जुळवायला उपयोगी पडतो.

मग द्रावणाची परीक्षा. मिठाचं प्रमाण द्रावण १० मिली पिपेटनं घ्या, १०० मिलीपर्यंत पाणी घाला, १ मिली सूचक, टायट्रेशन. समजा १०.३ मिली लागले आणि कोरी चाचणी ०.२ होती, उरले १०.१. म्हणजे तुमच्या द्रावणाचा १ मिली ०.५ नव्हे तर ०.४९५ मिलिग्रॅम क्लोराइड मोजतो. हा आकडा बाटलीवर लिहून ठेवा.

आता विहिरीचं पाणी. गढूळ असेल तर गाळून घ्या. पीएच ७ ते १० च्या दरम्यान असायला हवा. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक वेळा यात बसतं, तरी पट्टी लावून बघाच. पाणी आम्लधर्मी असेल तर क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि रंग उशिरा येतो, उत्तर फुगतं. फार अल्कधर्मी असेल तर चांदीचा तपकिरी ऑक्साइड पडायला लागतो. पीएच दुरुस्त करायचा तर सौम्य सल्फ्युरिक ॲसिडनं किंवा सोडियम हायड्रॉक्साइडनं.

पाणी किती घ्यायचं ते चवीवरून ठरवा. गोड्या विहिरीचं १०० मिली, मचूळ असेल तर २५ मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्यानं १०० करा. खाडीचं पाणी मिसळलेलं वाटत असेल तर आधी दहापट विरळ करा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. ते तसंच घेतलंत तर ब्युरेट संपेल, क्लोराइड संपणार नाही.

फ्लास्कखाली पांढरी फरशी किंवा कोरा कागद ठेवा. सूचक टाकल्यावर पाणी लिंबासारखं पिवळं दिसतं. पहिल्या थेंबांबरोबर ते दुधी-पिवळं होतं. प्रत्येक थेंब पडतो तिथे क्षणभर लाल ठिपका उमटतो आणि फ्लास्क हलवला की विरतो. सुरुवातीला तो लगेच जातो, म्हणून तोटी सैल सोडायला हरकत नाही. पुढे लाल ठिपका रेंगाळायला लागतो आणि साका फाटलेल्या दुधासारखा गोळे धरतो. इथून थेंबाथेंबानं जा, प्रत्येक थेंबानंतर नीट हलवा. ज्या थेंबाला पिवळ्यावर गुलाबी-विटकरी छटा येते आणि हलवूनही जात नाही, तिथे थांबा. पूर्ण लाल होण्याची वाट बघायची नाही, तोवर तुम्ही पुढे गेलेले असता. ही छटा ओळखणं हेच या प्रयोगातलं खरं कसब. ट्यूबलाइटखाली ती फसवते, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काम करा.

दोन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली की हिशेब. २५ मिली विहिरीच्या पाण्याला १८.४ मिली लागले. कोरी चाचणी ०.२ वजा, राहिले १८.२. तुमचं द्रावण नेमकं ०.०१४१ नॉर्मल असेल तर १८.२ गुणिले ०.५, म्हणजे ९.१ मिलिग्रॅम क्लोराइड २५ मिलीत. लिटरला चाळीस पट: ३६४ मिलिग्रॅम. हे पाणी २५० च्या वर आहे पण १००० च्या बरंच आत. सगळं क्लोराइड मिठाचंच धरलं तर १.६५ नं गुणा, लिटरला ६०० मिलिग्रॅम मीठ. घरच्यांना हा आकडा लवकर पटतो.

या आकड्याचा अर्थ लावताना जरा जपून. ही पद्धत ब्रोमाइड आणि आयोडाइडही क्लोराइड म्हणूनच मोजते, पण विहिरीच्या पाण्यात ती फारशी नसतात. पाण्याला सडक्या अंड्यांचा वास असेल तर सल्फाइड आहे, ते चांदी खातं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून ते आधी घालवावं लागतं. लोह खूप असेल तर रंगच कळत नाही. आणि क्लोराइड कमी आलं म्हणजे पाणी पिण्यालायक, असा अर्थ मुळीच होत नाही. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांच्या तपासण्या वेगळ्या. शंभर फुटांवर शौचखड्डा असेल आणि क्लोराइड दर वर्षी चढत असेल, तर मात्र खड्ड्याकडे एकदा संशयानं बघायला हवं.

क्रोमेट नको असेल, आणि शाळेत तर नकोच, तर डायक्लोरोफ्लुओरेसिन हा सूचक वापरा. फायान्स या रसायनज्ञाची ही पद्धत. साक्याच्या कणांवर हा रंग चिकटतो आणि शेवटच्या बिंदूला हिरवट-पिवळ्याचं गुलाबी होतं. साका गोळे धरू नये म्हणून जरा डेक्स्ट्रिन टाकतात. पीएच ४ पर्यंत खाली चालतो. छटा पकडायला क्रोमेटपेक्षा थोडी अवघड, पण सरावानं जमते आणि टाकाऊ द्रावणाची डोकेदुखी निम्मी होते.

मुलांना दाखवायला: तांब्याची तार

सिल्व्हर नायट्रेटच्या जरा तीव्र द्रावणात पॉलिश काढून घासलेली तांब्याची तार लोंबकळत सोडा. काही मिनिटांत तारेवर करडी लव येते, तासाभरात तिच्यातून चमकत्या सुया आणि फांद्या फुटतात. द्रावण हळूहळू निळं होत जातं, कारण तांबं पाण्यात उतरतंय आणि चांदी बाहेर येतेय. धातूंची क्रियाशीलता श्रेणी फळ्यावर लिहिण्यापेक्षा हे दाखवा. फ्लास्क हलवला तर फांद्या गळतात, तेव्हा टेबलाला धक्का लावणाऱ्या मुलाला मागे बसवा.

उन्हात छापलेलं पान

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी १८३० च्या दशकात मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेट लावून चित्रं उतरवली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळात कागदावर छापलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रामागे हेच द्रव्य होतं. कॅमेरा नसतानाही त्याची गंमत घेता येते.

सुती लगद्याचा जाड, जलरंगाचा कागद घ्या. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तो दोन-तीन मिनिटं भिजवा आणि पूर्ण वाळवा. मग पडदे ओढलेल्या खोलीत, मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात, १० मिली डिस्टिल्ड पाण्यात १.२ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण स्पंजच्या ब्रशनं एकसारखं पसरवा. धातूची पट्टी असलेला ब्रश नको. अंधारातच वाळू द्या. वरती पिंपळाचं जाळीदार पान ठेवा, काच दाबा, चिमटे लावा आणि उन्हात न्या.

कागद आधी फिका जांभळा, मग लालसर, मग चॉकलेटी होत जातो. काचेचा एक कोपरा उचलून बघता येतं. हवं त्यापेक्षा गडद होऊ द्या, पुढच्या धुलाईत चित्र बरंच उतरतं. इथे सिल्व्हर नायट्रेट मिठाच्या मानानं जास्त का लागतं, तेही बघा. ऊन सिल्व्हर क्लोराइड फोडून चांदी आणि क्लोरीन मोकळं करतं. शिल्लक सिल्व्हर नायट्रेट त्या क्लोरीनला धरून पुन्हा ताजं क्लोराइड बनवतं, आणि छपाई चालू राहते. मीठ जास्त झालं तर कागद मंद पडतो आणि रंग मरगळलेला येतो.

छापून झालं की आधी साध्या पाण्यात धुवा. पाणी दुधी होतं, ती शिल्लक चांदी. ते वेगळं भांड्यात जपा. धुतलेलं पाणी नितळ आलं की १० टक्के हायपोत, म्हणजे सोडियम थायोसल्फेटमध्ये, पाच मिनिटं ठेवा. उरलेलं क्लोराइड त्यात विरघळून जातं. जॉन हर्शल यांनी हायपोचा हा गुण १८१९ मध्येच नोंदवला होता आणि छायाचित्रांना तो वीस वर्षांनी कामी आला. रंग इथे जांभळटावरून तांबूस-तपकिरी होतो, घाबरू नका. शेवटी अर्धा तास तरी पाणी बदलत धुवा. हायपो कागदात राहिला तर काही महिन्यांत चित्र पिवळं पडतं.

बाकी कुठे भेटतं

मतदानाच्या दिवशी डाव्या तर्जनीवर लागणाऱ्या शाईत हेच असतं. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या सरकारी कारखान्यातून येते. कातडीवरच्या मिठाशी आणि प्रथिनांशी चांदी बांधली जाते आणि उजेडात काळी पडते. नखावर लागलेली रेघ नख वाढून कापेपर्यंत हलत नाही.

दवाखान्यात नाकातून वारंवार रक्त येणाऱ्या जागेला किंवा बाळाच्या बेंबीवरच्या ओल्या गाठीला डॉक्टर याची काडी टेकवतात. लाइपझिगचे कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत याचा २ टक्क्यांचा थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मताना होणाऱ्या संसर्गातून येणारं अंधत्व झपाट्यानं घटलं. पुढे प्रतिजैविकांनी त्याची जागा घेतली. या गोष्टी वाचून घरच्या बाटलीतून स्वतःवर उपचार करायचे नाहीत. आणि ‘चांदीचं औषधी पाणी’ म्हणून जे विकलं जातं, ते तर पिऊच नका. चांदी अंगात साठत गेली की कातडी कायमची निळसर-करडी होते, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

टाकाऊ द्रावणाचं काय

मोरीत काहीही ओतायचं नाही. चांदी पाण्यातल्या जीवांना फार विषारी आहे, क्रोमेट तर सगळ्यांनाच. वेगवेगळ्या बाटल्या ठेवा.

क्रोमेट नसलेली द्रावणं, म्हणजे परीक्षानळीतल्या परीक्षा, तारेचा प्रयोग, छपाईचं पहिलं धुवण, एका बरणीत जमा करा. त्यात मीठ टाकत जा. नव्यानं धुरकटपणा येईनासा झाला की सगळी चांदी खाली बसली. दोन दिवस ठेवून वरचं पाणी नितळून काढा, साका गाळून वाळवा आणि लेबल लावून ठेवा. पुरेसा साठला की चांदी शुद्ध करणाऱ्याकडे देता येतो.

हायपोतली चांदी मिठानं बसत नाही, तिथे तिचं वेगळं संयुग बनलेलं असतं. त्यात भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाकून ठेवा. लोखंड विरघळत जातं आणि काळ्या गाळात चांदी सुटते. या बरणीत ॲसिड मात्र पडू देऊ नका, गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो. क्रोमेटवाली बाटली कॉलेजच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेतच द्यायची. अशी व्यवस्था जवळपास नसेल तर क्रोमेट वापरूच नका.

आणि अमोनिया. टॉलेन्स अभिकर्मकात, म्हणजे परीक्षानळीत आरसा करायच्या प्रयोगात, सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया एकत्र येतात. ते द्रावण लागेल तेवढंच, त्या वेळीच करायचं. काही तास पडून राहिलं किंवा वाळलं तर त्यात स्फोटक काळा पदार्थ तयार होतो, नुसत्या हलवण्यानंही उडू शकतो. काम झालं की त्याच तासात त्यात सौम्य नायट्रिक ॲसिड घालून आम्लधर्मी करा, मग मीठ टाका. ब्युरेटच्या काचेवर बसलेला पांढरा पापुद्रा काढायला सौम्य अमोनिया उत्तम चालतो, पण तो विसळही तसाच लगेच ॲसिडमध्ये ओता, बाटलीत भरून ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू नका.